अमेरिकेत कॉलेज बेसबॉलसाठी मुलाला कुठल्या शोकेसला न्यावं?

खारघरचा_बाप

नमस्कार मंडळी. विषय जरा परग्रहावरचा वाटेल. पण ठाणे-नवी मुंबईत तिकडून परत आलेली इतकी कुटुंबं आहेत की कुणीतरी यातून गेलं असेल, या आशेवर लिहितोय.

मुलगा सातवीपर्यंत न्यू जर्सीत वाढला. लिटल लीग खेळला. मग आम्ही परत आलो आणि खारघरला स्थिरावलो. तिथलं बाकी सगळं मागे पडलं, बेसबॉल काही सुटला नाही. आता दहावीला आहे, आयजीसीएसई. परीक्षा जूनमध्ये संपेल, ऑगस्टपासून आयबी. डावखुरा पिचर (आपल्या भाषेत बॉलर), उंची पाच फूट अकरा, अजून वाढतोय. भाच्याने दिलेल्या पॉकेट रडारवर (वेग मोजायचं हातातलं यंत्र) चेंडू ७६ ते ७८ मैलांनी पडतो. आपल्या हिशोबात १२२ ते १२५ किलोमीटर.

सराव म्हणाल तर सोसायटीच्या पोडियमवर जाळी बांधलीय. पिचर उंचवट्यावरून टाकतो, म्हणून सुताराकडून प्लायचा उतार करून घेतलाय, वर हिरव्या गवताचं कापड ठोकलंय. सेक्रेटरी अधूनमधून आवाजाबद्दल नोटीस लावतात. रविवारी क्रिकेटच्या नेटमध्ये जातो. तिथली खेळपट्टी २०.१२ मीटर आणि पिचरचं अंतर १८.४४, म्हणून टेपने मोजून चुन्याची रेघ मारावी लागते. नेटवाले काका आधी हसायचे, आता तेच रेघ मारून ठेवतात.

त्याला अमेरिकेत कॉलेजात खेळायचंय. एका संकेतस्थळावर नाव नोंदवलं तेव्हापासून ईमेलचा नुसता पाऊस. ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’, ‘शेवटच्या काही जागा’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शोकेस म्हणजे फी भरून आलेली शे-दीडशे मुलं एका मैदानावर पळतात, फेकतात, मारतात, सगळं मोजून घेतात आणि कॉलेजांचे कोच बघायला येतात. निदान पत्रकात तरी तसं लिहिलेलं असतं.

जूनअखेर न्यू जर्सीत एडिसनला मेहुणीकडे महिनाभर जाणारच आहोत. खिशाला एखादंच झेपेल. जॉर्जियातली एक मोठी राष्ट्रीय शोकेस आहे. अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांसाठीचा दोन दिवसांचा एक कॅम्प आहे, त्याची फी ऐकून घाम फुटला. आणि एका मोठ्या विद्यापीठाने आपल्याच मैदानावरच्या कॅम्पचं बोलावणं पाठवलंय, हेड कोचच्या सहीनिशी. मुलगा त्या पत्रावर फिदा आहे. बायको म्हणते एवढ्यात बाथरूमची गळती निघेल.

कुठे न्यावं? यंदा न्यावं का?


गल्ली_क्रिकेट

डावखुरा, १२५, आणि वय सोळा! आणि तुम्ही त्याला बेसबॉल खेळवताय? उद्या सकाळी नेरूळला घेऊन या.


खारघरचा_बाप

@गल्ली_क्रिकेट, हे वाक्य घरी आजोबा रोज ऐकवतात. 😀


पीटी_मास्तर (ठाणे)

शोकेसमधलं मला कळत नाही, जाणकार सांगतील. शाळेत खेळ शिकवतो म्हणून खांद्याबद्दल बोलतो. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आहे, पण पालकांना तो दहावीच्या वाढीव गुणांपुरता आठवतो. त्यामुळे ही मुलं वर्षभर दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतात. सकाळी क्रिकेटची दहा षटकं, संध्याकाळी पिचिंग. तुमचाही शाळेच्या संघातून बॉलिंग टाकतो का?

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची नियमावली केली आहे. १५-१६ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू, आणि ७६ च्या वर गेला तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. यात क्रिकेटची षटकं धरलेली नाहीत. ती तुम्ही धरायची. वहीत लिहून ठेवा, मुलाच्या आठवणीवर जाऊ नका. सोळाव्या वर्षी कुणाचाच खांदा दुखत नसतो, विचारून बघा.


मीठभाकर (कोलशेत)

दादा, थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

आम्ही बरीच वर्षं जॉर्जियात मॅरिएटाला होतो. ईस्ट कॉबची बेसबॉलची मैदानं घराजवळ, आणि लेकपॉइंटचं मोठं क्रीडासंकुल हायवेने वर गेलं की अर्ध्या तासावर. उन्हाळाभर अख्ख्या देशातून पोरं तिथे येतात. माझा मुलगा आता पेनसिल्व्हेनियात डिव्हिजन थ्री कॉलेजात पिचर आहे (तिकडे कॉलेजांच्या खेळाचे तीन गट: वन सगळ्यात वरचा, मग टू, मग थ्री). मी ठाण्यात परत आलेय, आणि त्याचे सामने आमच्या मध्यरात्री मोबाईलवर बघते. तेव्हा जे लिहितेय ते कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघितलेलं आहे.

कोच शोकेसला मुलं शोधायला येतो, हा समज आधी काढून टाका. तो यादी घेऊन येतो. पाठीमागच्या खिशात चार घड्या घातलेला कागद असतो, त्यावर नावं आणि जर्सीचे नंबर. यादीतला मुलगा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, आला की हा रडार उचलतो, तीन-चार चेंडू बघतो, पेन्सिलने काहीतरी खरडतो. पुढचा मुलगा यादीत नसला की फोन काढतो, नाहीतर शेजारच्या कोचशी गप्पा. तो पुढचा मुलगा कदाचित बरा टाकत असतो. त्याची आई माझ्या शेजारी छत्री धरून उभी असायची आणि विचारायची, बघताहेत ना हो? काय सांगणार!

म्हणून कुठल्या शोकेसला जायचं याच्या आधीचा प्रश्न आहे, कुठल्या कॉलेजांच्या यादीत तुमच्या मुलाचं नाव जाऊ शकतं. आधी वीस-पंचवीस कॉलेजं काढा जिथे त्याला बेसबॉल नसता तरी शिकायला आवडलं असतं. त्यांच्या कोचना ईमेल करा. आणि त्यात एक प्रश्न नक्की विचारा: या उन्हाळ्यात तुम्ही कुठल्या कॅम्पला असणार आहात? पाच कोचनी एकाच जागेचं नाव घेतलं की ती तुमची जागा. पत्रकातल्या लोगोंच्या रांगेला भुलू नका. ते बहुतेक वेळा ‘पूर्वी आलेले’ असतात. यंदा कोण कबूल झालंय, हेड कोच येणार की नुकताच लागलेला मदतनीस, पिचरला खऱ्या सामन्यात किती इनिंग मिळणार की फक्त बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) पंधरा चेंडू टाकून घरी, हे लेखी विचारा. उत्तर गोलगोल आलं तर पैसे वाचले.

आता ते सहीचं पत्र. मुलाला नीट समजावून सांगा, त्याचा विरस होईल, पण आत्ता झालेला बरा. एनसीएए म्हणजे तिकडची कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था. तिच्या नियमाने कॉलेजचा कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो, फार तर वय, इयत्ता आणि संख्येची मर्यादा घालता येते. म्हणजे ‘निमंत्रण’ ही जाहिरात झाली. शिवाय डिव्हिजन वनच्या कोचला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. कॅम्पचं पत्रक मात्र पाठवता येतं. म्हणून दहावीच्या पोराला डिव्हिजन वनकडून जे येतं ते पत्रकच असतं. हजारो जातात. या कॅम्पमधून कॉलेजच्या धाकट्या कोचांचे पगार निघतात, असं तिकडे उघड बोललं जातं.

आणि वेग. ७८ मैल सोळाव्या वर्षी, डावखुरा, पोडियमवर शिकून! मी त्याला साष्टांग नमस्कार घालते. पण डिव्हिजन वनवाले साधारण पंच्याऐंशीच्या पुढेच मान वर करतात, डावखुऱ्याला दोन-तीन मैलांची सवलत. त्यात २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंच्या मोबदल्याच्या दाव्यात न्यायालयाने जो समझोता मंजूर केला, त्यानंतर तो स्वीकारणाऱ्या डिव्हिजन वन कॉलेजांना बेसबॉलच्या संघात ३४ च मुलं ठेवता येतात. पूर्वी संघामागे शिष्यवृत्त्यांचा आकडा ११.७ होता आणि तो तुकडे करून वाटायचे. तो गेला, पण जागाही आखडल्या. वर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) बावीस-तेवीस वर्षांचे तयार गडी मिळतात. मग सतराचं पोर कशाला घेतील?

मोठ्या राष्ट्रीय शोकेसचा आणखी एक पेच आहे. तिथला आकडा नावानिशी इंटरनेटवर चढतो. परफेक्ट गेम ही शोकेस भरवणारी कंपनी तर दहापैकी गुणही देते. यंदा ७८ नोंदवून आलात की पुढच्या वर्षी ८३ टाकणाऱ्या मुलाचं नाव शोधणाऱ्याला आधी ७८ दिसणार. आकडा दाखवण्याजोगा झाल्यावरच दाखवायचा. आमच्या शेजारच्या गुजराती कुटुंबाने नववीपासून पोराला दर उन्हाळ्यात उभं केलं, गॅरेजभर टी-शर्ट जमले.

तुमच्या तिघांतलं निवडायचंच तर अभ्यासवाल्या मुलांचा कॅम्प. फी अंगावर येते हे खरं. पण तिथे कोच कुंपणाबाहेर बसत नाहीत, तेच गट चालवतात, तेच संघ सांभाळतात. मुलगा चेंडू पडल्यावर खांदे पाडतो की परत मागतो, हे त्यांना दोन दिवस जवळून दिसतं. फक्त तो यंदा नको, पुढच्या उन्हाळ्यात. अकरावी झालेली असेल, गुण हातात असतील. चांगल्या डिव्हिजन थ्री कॉलेजांचे कोच बारावीच्या आधीच्या जुलैपासून मुलाची गुणपत्रिका ॲडमिशनवाल्यांना दाखवून अंदाज घेतात. तिथून मान डोलली की मगच ते मनापासून मागे लागतात. त्यामुळे आयबीच्या कोऑर्डिनेटरला आत्ताच सांगून ठेवा की अकरावीचे गुण शाळेच्या शिक्क्यासह जूनमध्येच लागतील. आपल्या शाळा ऑक्टोबरशिवाय हलत नाहीत.

यंदा एडिसनला जाताय ना? मग आजूबाजूच्या एक-दोन डिव्हिजन थ्री कॉलेजांचे स्वतःचे छोटे कॅम्प बघा. होबोकेनला स्टीव्हन्स, युइंगला टीसीएनजे, फिलाडेल्फियाजवळ हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर. मेहुणीकडून गाडीने होण्यासारखं आहे, फी त्या मानाने हलकी, आणि कोण जास्त वेगाने टाकतंय हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. डिव्हिजन थ्रीचा कोच दहावीतल्या मुलाशीही बोलू शकतो, ईमेलला उत्तर देऊ शकतो.

डिसेंबरच्या सुट्टीत काही करावं असं डोक्यात आलं तर सोडून द्या. थंडीत बरेच आठवडे डिव्हिजन वनच्या कोचना बाहेर जाऊन मुलं बघायला मनाई असते. तेव्हाच्या शोकेस बंदिस्त हॉलमध्ये होतात आणि प्रेक्षकांत आई-बापच जास्त.

एक राहिलं. विमानातून उतरल्यावर निदान चार-पाच दिवस जोरात टाकू देऊ नका. साडेनऊ तासांचा फरक असतो. त्याला वाटेल आपण ठीक आहोत, हाताला वाटत नसतं.


खारघरचा_बाप

ताई, साष्टांग तर मीच घालायला हवा. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली बघ, बाथरूम. मुलाला पत्राचं सांगितलं, अर्धा तास खोलीचं दार बंद होतं. मग बाहेर येऊन विचारतो, हॅवरफर्डचा कोच कोण आहे.

मास्तर, होय, शाळेकडून बॉलिंग टाकतो. वही आजपासून.

दोन शंका. ईमेल मी लिहू की त्याने? आणि डिव्हिजन थ्रीत खेळाची शिष्यवृत्तीच नसते असं वाचलं. मग वर्षाचे सत्तर-ऐंशी हजार डॉलर कुठून आणायचे? घर विकून बेसबॉल नाही खेळवता येणार.


मीठभाकर (कोलशेत)

मुलाचा पासपोर्ट कुठला?


खारघरचा_बाप

जन्म तिकडचाच. अमेरिकन पासपोर्ट, इथे ओसीआय.


मीठभाकर (कोलशेत)

अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! एकतर व्हिसाची कटकट नाही. इथून जाणारी बाकीची मुलं आधी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या तारखेवर अडकतात. दुसरं, डिव्हिजन थ्रीत खेळाचे पैसे नसतात हे खरं, पण घरच्या ऐपतीप्रमाणे मिळणारी मदत असते, आणि तिथे नागरिक आणि परदेशी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो भारतात राहत असला तरी अमेरिकन नागरिक म्हणून फाफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरू शकतो. तुमचं उत्पन्न रुपयांतलं, ते डॉलरमध्ये मांडल्यावर बऱ्याच खासगी कॉलेजांच्या हिशोबात तुम्ही मदतीला पात्र ठरता. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज काढायचं गणकयंत्र असतं, नेट प्राइस कॅल्क्युलेटर. या शनिवार-रविवारी दोघांनी बसून वीसही कॉलेजांचं भरा. जिथला आकडा झेपत नाही ते कॉलेज यादीतून बाद, तिथला कोच कितीही गोड बोलला तरी. यादी निम्मी होईल आणि शोकेसचा प्रश्न आपोआप सोपा होईल.

भारतीय पासपोर्टवाली मुलं हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: एमआयटी, ॲमहर्स्ट, बोडन यांसारखी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलाचाही प्रवेश पैशांकडे न बघता ठरवतात. तिन्ही डिव्हिजन थ्री, तिन्हीकडे बेसबॉल आहे. प्रवेश मिळणं महाकठीण, तो भाग वेगळा.

ईमेल मुलानेच लिहायचा, त्याच्याच पत्त्यावरून. बापाने लिहिलेला कोचला दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. विषयाच्या ओळीतच सगळं यायला हवं: बारावी कुठल्या साली, डावखुरा पिचर, वेग, गुण, नवी मुंबई. कोच ती ओळ वाचून उघडायचं की नाही ठरवतो. ‘नवी मुंबई’ मुद्दाम ठेवा. पाचशे ईमेलमध्ये तेवढी एक ओळ वेगळी दिसेल. आत पाच-सहा वाक्यं आणि व्हिडिओचा दुवा, दोन मिनिटांच्या वर नको. मागे गाणं नको. एक कॅमेरा कॅचरच्या पाठीमागून, एक बाजूने, आणि रडारचा आकडा त्याच चौकटीत दिसायला हवा. प्लायचा उतार आणि चुन्याची रेघ दिसली तर दिसू द्या, लपवू नका. कोचला मेहनती पोर कळतं. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी नवा व्हिडिओ घेऊन परत लिहायचं. रुसायचं नाही.


ऐरोली_लोकल

दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे की. २०२३ मध्ये दुबईच्या क्रिकेट स्टेडियमवर त्या लीगचे ऑल-स्टार सामने झाले तेव्हा मी बघितले होते. तिथे ट्रायलला का नाही पाठवत? जवळ पडेल आणि एक्स्पोजरही. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल तर भालाफेकीतून आले आणि २००८ मध्ये थेट मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्सशी करार!


मीठभाकर (कोलशेत)

@ऐरोली_लोकल, बघायला जरूर जावं, मीही जाईन. पण ती व्यावसायिक लीग आहे. कॉलेजात खेळायचं असेल तर आधी कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार किंवा मानधन म्हणजे एनसीएएच्या हौशीपणाच्या नियमांशी गाठ. सही करण्याआधी एनसीएएच्या पात्रता केंद्राला विचारून घ्यावं लागेल. रिंकू-दिनेश यांना कॉलेज नव्हतं करायचं, त्यांचा रस्ताच निराळा.

खारघरकर दादा, त्या पात्रता केंद्राचं आत्ताच बघून ठेवा. डिव्हिजन वन-टूची आशा अगदी सोडायची नसेल तर नववीपासूनचे सोळा मुख्य विषय मोजतात, आणि डिव्हिजन वनला त्यांची सरासरी चारपैकी २.३ लागते. तुमचा तर नववीपासून इथेच शिकतोय, म्हणजे मूळ गुणपत्रिका शाळेकडून मागवाव्या लागणार. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण काही कॉलेजं स्वतः मागतात. एमआयटी मागते.


खारघरचा_बाप

ठरलं तर मग. जॉर्जिया बाद, सहीचं पत्र बाद. यंदा एडिसनहून जवळचे एक-दोन छोटे कॅम्प, तेही कोचचं उत्तर आलं तरच. मोठा कॅम्प पुढच्या जूनमध्ये, आकडा वाढला तर. गणकयंत्र आज रात्रीच भरतो. व्हिडिओचं मात्र अडलंय. नेटमध्ये त्याचा चेंडू पकडणारा कुणी नाही, मीच बसतो, आणि मी कसा बसतो ते कोचला न दिसलेलं बरं.


पीटी_मास्तर (ठाणे)

आमच्या शाळेच्या संघातला एक कॅचर आहे, नववीतला, बेधडक पकडतो. शनिवारी सकाळी सातला ठाण्याला आणा मुलाला, पत्ता निरोपात पाठवतो. कॅचरचा मिट आणि मास्क आमच्याकडे आहे. चेंडू तुमचे आणा, आमचे सगळे भिजून फुगलेत.